माझ्या पोटातल्या टोकदार गोळ्या

मी एक जुनी लिव्हरची रायफल आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगते, मी फार वैतागलेली आहे. आयुष्यभर माणसांच्या गप्पा ऐकायच्या आणि उत्तर मात्र द्यायचे नाही, असे झाले तर तुम्हीही वैतागाल. मला एकच आवाज काढता येतो आणि तो काढला की सगळे कानांवर हात ठेवतात. मग माझे म्हणणे ऐकणार कोण?

माझा जन्म कनेटिकटमधल्या एका कारखान्यात झाला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी काळ्या पोलादाची आणि चापाच्या खाली एक लोखंडी कडी. ती कडी म्हणजे लिव्हर. ती खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर उडते, वर ओढली की नवे आत जाते. नळीच्या खाली अजून एक बारीक नळी असते. तिच्यात काडतुसे शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखी एकामागे एक उभी राहतात. तिला मी माझे पोट म्हणते. नेम धरताना माणसाचा डावा हात नेमका या पोटाखाली असतो. एवढे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कटकट त्यातूनच झाली.

माझे माप, म्हणजे मला लागणाऱ्या काडतुसाचे माप, तीस-तीस. हे माप निवडले अ‍ॅम्ब्रोज येगरने. पॉटर काउंटीतल्या लाकडाच्या गिरणीत तो कामाला होता. रायफल घेण्याआधी तो जिथे शिकारीला बसायचा त्या जागी जाऊन उभा राहिला. झाडीतून दिसणाऱ्या सगळ्यात लांबच्या खोडाला त्याने लाल चिंधी बांधली आणि तिथपर्यंत चालत मोजले. शंभर पावलेही भरली नाहीत. मग त्याने दुकानात जाऊन सांगितले, "शंभर पावलांवरचं हरीण पडेल आणि माझा खांदा शाबूत राहील, अशी द्या." झाली खरेदी. मला वाटले, माणसे अशीच शहाणी असतात.

कसले काय! अ‍ॅम्ब्रोजने मला खूप वर्षे जपले. दर शिकारीनंतर तेलाचे फडके फिरवले, चारचौघांत कौतुक केले. तो गेल्यावर त्याच्या लेकीने मला ऑर्विल क्लाइनच्या दुकानात नेऊन दिले आणि मी जुन्या मालाच्या फळीवर येऊन पडले. तिथे बसून मी जी बडबड ऐकली, ती ऐकून कुणाचेही डोके फिरले असते. हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की गल्ल्यापुढे पुरुषांची सभा भरायची. पस्तीस बरी की चव्वेचाळीस बरी? पंचेचाळीस-सत्तरने अस्वल जागच्या जागी बसते म्हणे. अहो, पण तुमच्यातल्या कुणी अस्वल पाहिले आहे का? पाहिले असेल तर ते कचऱ्याच्या डब्यात डोके घालून बसलेले. तरी प्रत्येकाला मोठेच माप हवे. जंगल किती दाट आहे आणि आपला खांदा केवढा आहे, हे कुणी विचारत नव्हते. वर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती? ती म्हातारी झाली आता."

एका पावसाळी दुपारी आर्डिथ शूमेकर दुकानात आली. ती शाळेची बस चालवायची. तिचा नवरा वेंडल गिरणीत पाठीवर पडला होता आणि डॉक्टरांनी त्याला वर्षभर काही उचलू नकोस म्हणून बजावले होते. त्यांच्या घरी हिवाळाभर हरणाचेच मांस असायचे. या वर्षी ते आर्डिथलाच आणावे लागणार होते आणि तिने जन्मात हरणावर गोळी झाडली नव्हती. सोबत तिचा मोठा दीर डेल्मर आला होता. तो आला म्हणजे बोलणारही तोच.

"ऑर्विल, हिला पंचेचाळीस-सत्तर दाखव," डेल्मर म्हणाला. "एकदा लागली की हरीण उठायचं नाव घेत नाही."

"आणि मी उठेन का, भाऊजी?" आर्डिथने विचारले.

"अगं, होते सवय."

"सवय व्हायला मला एकच मोसम आहे." ती ऑर्विलकडे वळली. "मला मोठा आवाज नको, मोठा धक्का नको. झाडीत बसून मारायचं आहे. काय घेऊ?"

म्हातारा ऑर्विल माझ्यापाशी आला, धूळ पुसली आणि मला तिच्या हातात दिले. तिने खांद्याला लावून पाहिले, कडी खालीवर केली. डेल्मर म्हणाला, "ही तर आजीबाई आहे." आर्डिथ म्हणाली, "असू दे. माझं आजीबाईंशी बरं जमतं." मी त्या दिवशी किती खूश झाले, हे मला सांगता आले नाही. माझा वैताग असा पहिल्यापासूनचा आहे.

ऑर्विलने सपाट नाकाच्या काडतुसांचा एक खोका दिला. आर्डिथने गोठ्यामागे पुठ्ठा टांगून सगळा खोका सरावात संपवला. पहिल्या दिवशी पुठ्ठा वाचला, शेवटच्या दिवशी मधोमध भोक पडले. पण मोसमाच्या तोंडावर ती अजून काडतुसे आणायला गेली, तर दुकानातली तीस-तीस संपलेली. तेव्हा डेल्मर उदार झाला. तो तळघरात स्वतः काडतुसे भरायचा. दारू, टिकली, गोळी, सगळे मोजून मापून. आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

"दुकानातली कशाला घेतेस? मी भरून देतो. त्याहून लांब जाणारी."

त्याने माझ्यासाठी काडतुसे भरली खरी, पण गोळ्या लावल्या त्याच्या स्वतःच्या रायफलच्या, टोकदार. माझ्या आणि त्याच्या गोळ्यांची जाडी एकच, म्हणून त्या बसल्याही छान. त्याच्या रायफलमध्ये काडतुसे एकावर एक आडवी असतात, तिथे टोक कसेही असले तरी बिघडत नाही. माझ्या पोटात मात्र मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडाशी टेकते. बुडाशी काय असते? टिकली! दिवाळीत तुम्ही टिकली दगडाने ठेचता ना? ती का वाजते, हे तुम्हाला ठाऊक आहे. डेल्मरला पंचवीस वर्षे काडतुसे भरूनही ते सुचले नाही.

शिकारीच्या पहिल्या सोमवारी शाळा बंद असतात, त्यामुळे आर्डिथची बसही बंद. शूमेकर मंडळींची जंगलात एक लाकडी झोपडी होती. तिथे भल्या सकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि तळलेले डुकराचे मांस यांचा घमघमाट सुटला होता. पुरुष जेवणापेक्षा एकमेकांची चेष्टा जास्त करत होते. आर्डिथने डेल्मरचा खोका उघडला, एक काडतूस हातात घेतले आणि थांबली. मग तिने दोन काडतुसे टेबलावर एकामागे एक आडवी ठेवली आणि बोटाने हळूच सरकवली. टोक टिकलीला जाऊन भिडले.

"भाऊजी, दुकानातली सपाट होती. ही टोकदार का?"

"टोकदार लांब जाते."

"मग कारखान्यातली माणसं सपाट का करतात? त्यांना टोक काढता येत नाही?"

टेबलाभोवती हशा पिकला. डेल्मरचे कान लाल झाले. "चार दिवस पुठ्ठा फोडलास आणि मला शिकवतेस? भर निमूटपणे."

भरू नकोस, बाई, असे मी आतल्या आत ओरडत होते. पण ओरडून काय होणार? मला कडी आहे, चाप आहे, नळीच्या टोकावर नेम धरायची माशी आहे, जीभ तेवढी द्यायची राहिली.

आर्डिथने पोटात एकही काडतूस भरले नाही. तिने कडी खाली केली, वरून एकच काडतूस नळीत ठेवले आणि बाकीचा खोका टेबलावर सोडून दिला.

"एकच?" डेल्मर म्हणाला. "बसमध्येही एकच पोरगं बसवतेस का?"

"बसमधली पोरं एकमेकांच्या पाठीत खिळे टोचत नाहीत," आर्डिथ म्हणाली. "टोचायला लागली तर एकेकटंच नेईन."

एका गोळीवर जंगलात जाणे मला कमीपणाचे वाटले, कबूल करते. भराभर गोळ्या झाडणे हाच तर माझा तोरा! पण तिचा डावा हात सुखरूप होता, म्हणून मी गप्प बसले. म्हणजे मी गप्पच असते म्हणा.

ती एका मोठ्या झाडाला टेकून बर्फात बसली. दोन माद्या गेल्या, पण त्या मोसमात माद्या मारायची मनाई, म्हणून ती हललीही नाही. पाय गारठले, नाक वाहू लागले. मग झाडीतून एक नर आला, चांगला शिंगांचा, आणि समोरासमोर उभा राहिला. चुकली तर दुसरी गोळी नव्हती आणि घरी वेंडल खिडकीशी बसून वाट बघत होता. आर्डिथ थांबून राहिली. नर आडवा वळला, तेव्हा तिने चाप ओढला. नर थोडा धावला आणि कोसळला. ती त्याच्याजवळ गेली, मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली आणि रडली. मला ती तेव्हा फार आवडली.

दुपारी सगळे झोपडीत परतले. डेल्मरची गोळी हुकली होती, तीही उघड्या जागी, सगळ्यांच्या देखत. आमच्याकडे रीत अशी की ज्याची गोळी हुकते त्याच्या शर्टाचा मागचा खालचा तुकडा कापायचा आणि नाव लिहून भिंतीला ठोकायचा. आणि कापायचा तो त्या दिवशी शिकार साधलेल्याने. कात्री आर्डिथच्या हातात आली.

"थंडी आहे, भाऊजी," ती म्हणाली, "थोडासाच कापते."

मोठा कापला असता तर डेल्मर हसून मोकळा झाला असता. कीव केल्यासारखा थोडासाच कापला म्हणून तो पेटला. त्याने खुंटीवरून मला उचलले, टेबलावरचा खोका घेतला आणि झोपडीमागे चालता झाला.

"माझ्या काडतुसांना भिते! आत्ता दाखवतो, काय होतं ते."

तो एकेक टोकदार काडतूस माझ्या पोटात ढकलू लागला. आर्डिथ मागे धावली. तिने त्याची बाही धरली.

"भाऊजी, ठेवा ती खाली. शर्टाचं काय एवढं मनावर घेता?"

"सोड."

त्याने समोरच्या बुंध्यावर पहिली गोळी झाडली. काही झाले नाही. "बघितलंस?" दुसरी झाडली. तेव्हाही काही झाले नाही. मित्रांनो, सगळ्यात जास्त चीड मला याचीच येते. चूक पहिल्या वेळी माफ झाली की माणसाला ती चूकच वाटेनाशी होते. तिसऱ्या धक्क्याला माझ्या पोटातल्या एका टोकाने पुढची टिकली ठेचली. माझे पोट फाटले. लाकडाच्या ढलप्या उडाल्या. डेल्मर बर्फात बसला आणि आपल्या डाव्या हाताकडे नुसता बघत राहिला. आर्डिथने गळ्यातला मफलर काढून तो हात घट्ट बांधला आणि बस हाकावी तशी गाडी हाकत त्याला दवाखान्यात नेले. दोन बोटे गेली.

आणि मग बाहेर काय पसरले? "जुनी रायफल फुटली!" डेल्मरने तसे सांगितले आणि गावाने ते खरे धरले. ऑर्विलने माझे पोट बदलले, चेरीचे नवे लाकूड बसवले, तरी गिऱ्हाइके म्हणायची, जुन्या लोखंडाचा काय भरवसा? माझ्या लोखंडात तसूभरही खोट नव्हती! आर्डिथने खरे सांगितले तर लोक म्हणाले, बिचारा अधू झाला आणि ही त्यालाच बोल लावते. वेंडलसुद्धा एकदा म्हणाला, "जाऊ दे ना, भाऊ आहे माझा." ती त्याला म्हणाली, "त्यांनी स्वतःच्या जावयालाही असाच खोका दिलाय. त्याच्याकडेही लिव्हरचीच आहे. ते कसं जाऊ देऊ?" जावयाला तिने स्वतः सांगून पाहिले. तो हसला, म्हणाला, "मामंजींनी भरलेली आहेत ती." मग ती डेल्मरच्या दारात जाऊन बोलली. त्याने ऐकले आणि दार लावून घेतले.

पुढच्या मोसमाआधी आर्डिथ मला घेऊन ऑर्विलकडे गेली. माझी माशी जरा हलत होती. गल्ल्यापुढे नेहमीची सभा होती आणि तिच्यात डेल्मर होता, त्याचा जावई रॉस्कोही होता. ऑर्विलने रॉस्कोला विचारले, "तीस-तीसचा खोका देऊ?"

"नको," रॉस्को म्हणाला. "मामंजींचा अख्खा खोका पडलाय घरी. टोकदार. लांब जातात."

आर्डिथने डेल्मरकडे पाहिले. मला वाटले, झाले, आता हा हवापाण्यावर बोलणार. डेल्मरने डाव्या हाताचा मोजा काढला आणि तो हात गल्ल्यावर, सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला.

"रॉस्को, तो खोका आज परत आणून दे मला," तो म्हणाला. "रायफल चांगली होती. गोळ्या मी चुकीच्या भरल्या. हिनं टेबलावर मांडून दाखवलं होतं मला."

ऑर्विलने सपाट नाकाचा खोका हळूच रॉस्कोपुढे सरकवला. कुणी हसले नाही. डेल्मरला मोजा एका हाताने चढवता येईना, तेव्हा आर्डिथने तो धरून दिला.

मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. तुम्ही मोठे होऊन रायफल घ्याल की शिवणाचे यंत्र, मला माहीत नाही. पण वस्तू घेताना शेजाऱ्याकडे काय आहे ते बघू नका, आपले काम काय आणि आपला खांदा केवढा ते बघा. तिच्या पोटात काय घालायचे आणि काय नाही, हे कुणी मोठ्याने सांगितले तरी एकदा विचारा. सगळे हसले तरी विचारा. आम्हा वस्तूंना दुखले तरी सांगता येत नाही. तुम्हाला तोंड आहे, मग गप्प का बसता?