माझं इंजिन बदलायचं का, याची बैठक

जरा वाकून बघा. मी इतकी बुटकी आहे की उभ्या माणसाला माझं तोंडच दिसत नाही. मी शर्यतीची मोटार बोलतेय.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. मला गोल रस्त्यावर पळायला बनवलं. त्या रस्त्यावर जिथून निघायचं तिथंच परत यायचं, आणि लवकर आल्याबद्दल टाळ्या घ्यायच्या. पुण्याच्या एका साहेबांनी मला घेतलं. डोक्यात हेल्मेट, अंगाला पट्टे आवळून ते पेट्रोल जाळायचे आणि घरी जाऊन बायकोला सांगायचे, "आज फार दमलो."

मला खुर्च्या दोनच. वळायला सोपं जावं म्हणून अंग हलकं, आणि इंजिन पाठीमागं. साहेबांनी नवी गाडी आणली, तेव्हा मी त्यांच्या ड्रायव्हरच्या, जगनच्या, पदरात पडले. जगन मनाचा साफ, पण हौस अंगात मावेना. तो मला सेनगावकडच्या आपल्या तांड्यावर घेऊन आला. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर माझं पोट घासलं. कनेरगाव नाक्यावर तर ढाब्यावरची माणसं जेवता जेवता उठली आणि त्यांनी मला उचलून पलीकडे ठेवलं. ताशी दोनशेनं पळणारी मी, आणि मला बाजेसारखं उचलून न्यावं लागलं.

जगनची बायको शितल. त्यांची मुलगी मिना, तिला अजून धड बोलताही येत नाही. जगन रोज संध्याकाळी मिनाला मांडीवर घेऊन सरळ रस्त्यावर मला पळवायचा. माझे पट्टे मोठ्या माणसाच्या मापाचे, ते लेकराला कुठले बसणार?

"आवो, तिला तरी ठेवून जा की," शितल म्हणायची.

"काहून एवढी भिऊन राहिली? बाप चालवून राहिला ना!"

बापाच्या मांडीला ब्रेक असतात, असं त्याला वाटत असावं. आम्ही परत येईपर्यंत शितल फाटकात उभी असायची, हाताचं पीठ हातावरच वाळलेलं. भीती काय असते ते मला तिच्याकडं बघून कळलं. कारखान्यात ती कुणी बसवली नव्हती.

पुढं माझं इंजिन थकलं. तेल प्यायचं, चढाला धापा टाकायचं. जगननं मोडीत निघालेल्या जीपचं एक दांडगं डिझेल इंजिन आणून अंगणात ठेवलं आणि कळमनुरीला कलीम मिस्त्रीकडं विचारायला मला घेऊन गेला.

"बसेल," कलीम मिस्त्री म्हणाले. "कापाकापी लागेल. मगर जगनभाऊ, वजन बराबर राहणार न्हाई. ब्रेक हेच ठेवले तर गाडी थांबायची न्हाई. त्यापेक्षा जुनंच खोलून नीट करू."

जगननं त्यातलं 'बसेल' तेवढं ऐकलं. बाकीचं बोलणं कळमनुरीतच राहिलं.

तांड्यात सोयरीक असो की बांधाचं भांडण, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यासमोर बसल्याशिवाय निकाल लागत नाही. माझं इंजिनही तिथंच गेलं. सकाळी मला ढकलत नेऊन दाखवायच्या नवरीसारखं मधोमध उभं केलं. ओट्यावर हिरासिंग नायक, शेजारी कारभारी भीमसिंग, खाली माणसं. बायका लांब, लिंबाखाली.

भीमसिंगांनी माझं पुढचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "जगन, फसवलं रे तुला! हिच्यात इंजिनच न्हाई!"

बराच वेळ हळहळ झाली. पुण्याच्या लोकांना शिव्या बसल्या. मग जगननं मागचं झाकण उघडलं.

"म्हंजे गाडीच उलटी हाय!" नायक म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

या तांड्याच्या जुन्या माणसांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं. त्यामुळं इथं कशाचीही पारख एकाच प्रश्नानं होते. ओझं किती नेते? भीमसिंगांनी माझ्या खुर्चीत सोयाबीनचं पोतं बसवलं आणि दुसरं त्या पोत्याच्याच मांडीवर दिलं. टेकाड चढताना मी धापा टाकत बंद पडले. झालं! इंजिन कुचकामी ठरलं. खरं तर त्याच चढावर माझ्या ब्रेकनी मला, जगनला आणि दोन्ही पोत्यांना घट्ट धरून ठेवलं होतं. पण थांबणाऱ्याचं कौतुक कोण करतं?

"मोठंच बसवा," भीमसिंग म्हणाले. "आवाज हिंगोलीपर्यंत गेला पायजे."

"व्हय, व्हय," सगळ्यांनी माना हलवल्या.

तेव्हा शितल लिंबाखालून पुढं आली. पदर सारखा केला.

"नायक काका, एक विचारू? मग थांबायचं कशानं?"

"थांबायचं मागून बघू," भीमसिंग म्हणाले. "आधी पळू तर दे!" माणसं खो खो हसली.

"बरं, बसवा. पण ज्यानं ज्यानं व्हय म्हटलं, त्यानं पहिल्या फेरीला आपलं नातरू मांडीवर घेऊन बसायचं. पहिला मान कारभारी काकांचा."

हसू कुठल्या कुठं गेलं. भीमसिंगांचा नातू तिथंच गोट्या खेळत होता. त्यांनी त्याला जवळ ओढलं. "ह्याला गाडी लागते. उलट्या करतो."

दुसऱ्याच्या नातीला ताप होता. तिसऱ्याचा नातू मामाच्या गावाला गेला होता, आणि आजोबाच्या धोतराआडून ते ऐकत होता. राहिले नायक. त्यांनी घसा साफ केला.

"माझा मोठा झाला बाई आता. मांडीवर मावत न्हाई."

"मग माझीच काहून मावते?" शितल म्हणाली.

मिना जगनच्या खांद्यावर होती आणि माझ्याकडं हात करून "भुर्र, भुर्र" म्हणत होती. जगननं तिचा तो हात धरला. बराच वेळ धरूनच ठेवला. मग त्यानं तिला शितलच्या कडेवर दिलं.

"ऱ्हाऊ द्या नायक," तो म्हणाला. "जुनंच नीट करून घेतो."

"मी बी तेच म्हणणार होतो," भीमसिंग म्हणाले.

कलीम मिस्त्रींनी माझं जुनंच इंजिन खोलून दुरुस्त केलं. आता जगन पट्टे आवळून एकटाच बसतो. शितल अजूनही फाटकात उभी राहते. तिची भीती निम्मीच कमी झाली. नवरा माझ्यातच असतो ना!

मला बघायला रोज कुणी ना कुणी येतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळते?" पाव्हण्यांनो, एकदा तरी विचारा की किती लवकर थांबते. मी आनंदानं दाखवीन. फक्त मांडी मोकळी ठेवून बसा.