लांबच्या लोकांसाठी

"हा नको. याच्या पोटात नुसता गोंगाट आहे," असं म्हणत काटेवाल्यांनी पहिला रेडिओ बाजूला सारला आणि छताकडे बोट दाखवलं. "आणि ते दिवे मालवा बघू आधी. तेच गुणगुणतायत."

रेडिओवाल्या बाईंनी निमूटपणे दिवे बंद केले. गुणगुण खरोखरच थांबली. गिऱ्हाईक चोखंदळ आहे हे बाईंच्या एव्हाना लक्षात आलं होतं, पण वडिलांच्या पश्चात दुकान सांभाळताना त्यांनी असली माणसं पुष्कळ पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना तीच आवडत. शॉर्टवेव्हचा रेडिओ मागायला हल्ली येतं तरी कोण!

काटेवाले म्हणजे तराजू दुरुस्त करणारे. बाजारात त्यांना याच नावाने ओळखत. जन्म दुसऱ्यांच्या मापातली खोट काढण्यात गेल्यामुळे खोक्यावर छापलेल्या कौतुकावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांची रीत ठरलेली होती. एकच वजन घ्यायचं आणि सगळे काटे त्याच वजनावर, त्याच जागी तपासायचे. रेडिओही त्यांनी तसेच ओळीने मांडायला लावले होते, आणि प्रत्येकावर तेच एक परदेशी केंद्र लावून ते जिवाचे कान करून ऐकत होते.

दुसरा रेडिओ लाकडी पेटीचा, मोठा, टेबलावर ठेवायचा. त्याचा आवाज भरदार होता. तो ऐकून काटेवाल्यांचा चेहरा क्षणभर खुलला, आणि लगेच आक्रसला. "आवाज गोड आहे, पण शेजारचं केंद्र अंगावर येतंय. ऐका."

"मग हा बघा." बाईंनी एक करडा, पुस्तकाएवढा रेडिओ पुढे केला. दिसायला अगदी मख्ख. "नवा आहे. हवा तो आकडा थेट दाबायचा. आणि हे बटण दाबलं की कान बारीक होतो, शेजारचं सगळं बाहेर राहतं. आवाजाला मोठ्या पेटीची सर नाही, पण लबाडी करणार नाही."

काटेवाल्यांनी बटण दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, पुन्हा दाबलं. "हं," एवढंच म्हणाले. बाजारात त्यांच्या या 'हं'ची वाट बघत दुकानदार ताटकळत उभे राहत.

"काका, पण तुम्हाला ऐकायचंय काय नक्की?"

त्यांनी आकडा सांगितला. "रोज साडेचारला लागतं. म्हणून तर या वेळेला आलो."

"ही तर आपलीच परदेश सेवा."

"हो. तिथं माझी बायको बोलते." मग ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बोलायची. गेल्या थंडीत गेली ती."

बाईंनी स्टूल पुढे केलं आणि पाणी आणून दिलं.

लग्न झालं तेव्हापासून ती त्या नोकरीत होती. दूरदेशीच्या लोकांना रेडिओवरून आपली भाषा शिकवायची. नव्या नवलाईत काटेवाल्यांनी घरच्या जुन्या रेडिओवर तिचा आवाज शोधायचा फार आटापिटा केला होता. खरखरीपलीकडे काही आलं नाही. संध्याकाळी ती घरी आली आणि पोट धरधरून हसली. "अहो, मी तुमच्यासाठी बोलतच नाही. मी लांबच्या लोकांसाठी बोलते. तुमच्यासाठी आहे की घरी!" रेडिओच भिकार आहे असं काटेवाल्यांनी ठरवलं, आणि पुढे चांगला घेऊ, पुढे चांगला घेऊ करता करता आयुष्य निघून गेलं. ती गेल्यावर त्यांनी फोन धुंडाळला. फोटो ढिगाने निघाले, आवाज कुठेच नव्हता. व्हिडिओ नेहमी तीच काढायची, आणि काढताना चकार शब्द बोलत नसे.

आणि मग या आठवड्यात तिच्या कार्यालयातल्या मैत्रिणीचा फोन आला. परदेश सेवा बंद होतेय. नवं काही होत नाही, तिचेच जुने धडे लावतायत. रविवारी शेवटचा. काटेवाल्यांनी ध्वनिमुद्रण मागून पाहिलं. "मीही मागितलं हो," मैत्रीण म्हणाली, "पण इथं खोल्यांना कुलपं लागतायत. सही कोण करणार?"

हे सगळं ऐकून बाई अवघडल्या. माल विकायला बसलेल्या माणसाने बोलू नये ते बोलायची पाळी त्यांच्यावर आली होती. "काका, रागावू नका. यातला कुठलाही घेतलात तरी इथं ते लागणार नाही. रेडिओत खोट नाही. बागेत नळी धरली की धार लांब जाऊन पडते आणि नळीजवळची झाडं कोरडीच राहतात ना, तसं आहे हे. आकाशात वर फेकतात आणि ते पार सरहद्दीकडे उतरतं. आपल्या डोक्यावरून जातं."

"चांगल्या यंत्रातसुद्धा?"

"अगदी चांगल्यात कधी कधी शिंतोडा येतो."

"शिंतोडा तर शिंतोडा," काटेवाले उठले. "चला, गच्चीवर."

बाईंनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दोन्ही रेडिओ वर नेले. एकीकडे लाकडी पेटी, एकीकडे करडा मख्ख. तार कपड्यांच्या दोरीवरून लांबवर नेली. साडेचार झाले. पेटीत शेजारचं केंद्रच ठाण मांडून बसलं होतं. करड्याचं बटण बाईंनी दाबलं, आणि खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं. पाण्याखालून कुणी बोलावं तसं. वर यायचं, विरायचं, पुन्हा वर यायचं. शब्द एकही लागत नव्हता.

"बाईचा आवाज आहे," रेडिओवाल्या बाई हलकेच म्हणाल्या. "त्याच का काका?"

काटेवाले वाकून, डोळे मिटून ऐकत होते. सगळा जन्म छातीवर हात ठेवून 'बरोबर आहे' किंवा 'खोटं आहे' असं सांगण्यात गेला होता. ज्या बाईबरोबर संसार केला तिचा आवाज कानाशी होता, आणि आज तो तिचाच आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं. आपण तिला विसरत चाललोय की काय, अशी भीती त्यांना वाटली.

"नाही सांगता येत हो," ते म्हणाले आणि गच्चीच्या कठड्यावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंनी दुसरीकडे पाहिलं आणि उगाच तार गुंडाळायला घेतली.

"कुठं उतरतं म्हणालात ते?" डोळे पुसत काटेवाल्यांनी विचारलं.

"गाडी संपते ना, त्या शेवटच्या स्टेशनच्या आसपास. पण काका, एवढ्या लांब, या वयात एकटे..."

"हा करडा बांधून द्या. वर ही तारही द्या."

लाकडी पेटी घ्यायची असं ते घरून ठरवून आले होते. तिच्या फोटोखाली शोभून दिसली असती. पण ती मांडीवर घेऊन प्रवास होण्यातला नव्हता. बाईंनी जास्तीच्या बॅटऱ्या पिशवीत घातल्या आणि त्यांच्या पैशांचं नाव काढू दिलं नाही.

रविवारी दुपारी काटेवाले शेवटच्या स्टेशनवर उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. फलाट संपतो तिथे एक लोखंडी बाक होता, पुढे तारेचं कुंपण आणि पलीकडे उघडं माळरान. त्यांनी तार कुंपणाला बांधली नाही. लोखंडाला लावू नका असं बाईंनी बजावलं होतं. पलीकडच्या झाडावर त्यांनी ती कशीबशी टाकली, रेडिओ बाकावर ठेवला आणि आकडा दाबला. आधी कुठलीशी धून वाजली, स्वच्छ, खरखर नावाला नाही.

मग ती बोलली.

ओळखायला क्षणही लागला नाही. परक्या भाषेत भराभरा काहीतरी सांगत होती, मध्येच हसली. शब्द कळत नव्हता, पण 'स' म्हणताना होणारी ती बारीक शीळ, वाक्य संपताना घेतलेला तो श्वास! काटेवाल्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. मग ती सावकाश, मुलांशी बोलावं तशी, आपल्या भाषेत आली. आजचा धडा होता, पाहुणे घरी येतात.

"माझ्यामागून म्हणा. आत येऊ का?" ती म्हणाली आणि थांबली. शिकणाऱ्यांना म्हणता यावं म्हणून सोडलेली ती जागा.

काटेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आत येऊ का?" ते म्हणाले. अगदी पुटपुटल्यासारखं.

"छान! आता म्हणा, तुम्ही कसे आहात?"

"तुम्ही कसे आहात?"

"शाब्बास. घर फार सुंदर आहे."

"घर फार सुंदर आहे," काटेवाले म्हणाले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. फलाट झाडणारा माणूस झाडू थांबवून बघायला लागला, बघू दे. ती म्हणेल ते ते म्हणत राहिले. मला थोडं पाणी द्याल का. तुमची मुलं कुठे आहेत. आज फार बरं वाटलं. प्रत्येक वेळी ती तेवढीच थांबे आणि शाबासकी देई, आणि चेहऱ्यावरून ओघळणारं पाणी न पुसता ते पुढच्या वाक्याची वाट बघत.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "सोपं आहे. आता मला निघायला हवं."

ती थांबली.

काटेवाल्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी ते म्हटलं नाही. तिने जागा सोडली होती, आधीच्या वाक्यांना सोडली तेवढीच, आणि तेवढा वेळ माळावरचा वारा तारेतून वाहत राहिला.

"छान," ती म्हणाली. "अगदी बरोबर."