सौदा पक्का झाल्यावर

संयोगितानं फोन कानाला लावला, तसं समोर बसलेल्या तिच्या वडिलांनी, हंबीररावांनी हातानंच खूण केली, सावकाश.

“मॅडम, दिल्लीकडच्या कॉलेजनं निम्मी फी माफ केलीय,” ती म्हणाली. “वकिलीला तुमच्याकडं आले तर तुमची शिष्यवृत्ती वाढेल का?”

पुण्याच्या कॉलेजातल्या मॅडम संध्याकाळी कळवते म्हणाल्या. फोन ठेवताच हंबीरराव खुशीत आले.

“आता गप बसायचं. आन आपल्या मनात काय हाय ते तोंडावर येऊ द्यायचं न्हाय.”

उचगावच्या या माणसाचा उभा जन्म म्हशींच्या दलालीत गेलेला. बोलीत त्यांचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. कॉलेजची फी झाली म्हणून काय, सौदा तो सौदा. मनात मात्र त्यांच्या पुणंच होतं. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. पुण्याहून पोरगी शनिवारी घरी आली असती, दिल्लीहून यायची ती दिवाळीलाच. पण आपल्यापायी लेकीनं कमी पदरात घ्यायला नको, म्हणून ते तिच्याजवळ कधी बोलले नाहीत.

दुपारी संयोगिता दळण आणायला गेली आणि दिल्लीचा फोन आला. हंबीररावांनी उचलला. दिल्ली वाढली की पुणं वाढेल, एवढाच त्यांचा डाव. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सगळी फी माफ मागितली, वर हॉस्टेलही. एवढं कोण देतंय? पलीकडचा माणूस कुणाला तरी विचारून आला.

“मंजूर है. तो पक्का समझें?”

“पक्का,” हंबीरराव बोलून गेले.

आपण मागितलं ते समोरच्यानं कबूल केलं की माघार नाही, हा बाजाराचा कायदा. माघार घेणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. आपण काय करून बसलो ते त्यांना फोन ठेवल्यावर कळलं. पोरगी दळण घेऊन आली तरी ते तिथंच बसून होते. दिल्लीला शब्द दिल्याचं त्यांनी तिला सांगून टाकलं.

संध्याकाळी पुण्याचा फोन आला. त्यांनीही सगळी फी माफ केली होती.

“आबा, तुम्ही नुसतं तोंडी बोललाय,” संयोगिता म्हणाली. “मी सही कुठं केलीय अजून?”

“शब्द गेलाय. पर तुला कुठं जायाचं हाय?”

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिथं काहीच दिसेना.

“दिल्लीलाच जातो की,” ती म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला घरामागच्या परड्यात गेली.

पुण्याला नाही म्हणायचं काम हंबीररावांनी स्वतःकडं घेतलं. मॅडम भल्या होत्या, रागावल्या नाहीत.

“काका, आमचं काय कमी पडलं, तेवढं सांगाल का?”

एरवी त्यांच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. पण आज सौदा तर संपला होता. आता लपवायचं तरी कशाला?

“काय बी कमी न्हवतं, बाई,” ते म्हणाले. “आमाला पुणंच पायजे हुतं. आठवड्याला पोरगी दिसली असती. आता घरात मी एकटाच.”

त्यांनी फोन ठेवून मान वर केली, तेव्हा संयोगिता हातात कपडे घेऊन दारात उभी होती.