पान एकशे बारावरचे चौघे

घरगुती ज्ञानकोशाच्या कचेरीत पानांची मांडणी करणाऱ्या ताईंना पानावर रिकामी जागा दिसली की चैन पडत नसे. दुसऱ्या खंडात ‘कुटुंब’ या नोंदीखाली अशीच चार बोटं जागा उरली, म्हणून त्यांनी जुन्या फोटोंच्या कपाटातून एक पाकीट काढलं. त्यावर ‘कुटुंब, चौघे’ एवढंच लिहिलेलं होतं. पायरीवर बसलेले नवरा-बायको आणि दोन मुलं. एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, तेच ताईंना आवडलं.

खंड निघाला. वर्षभराने एका दुपारी एक वयस्कर काकू तो पिशवीत घालून कचेरीत आल्या. पुतणीला शाळेत निबंध लिहायचा होता, तिने खंड उघडला आणि पान एकशे बारा काकूंपुढे धरलं, असं त्यांनी सांगितलं. मग फोटोवर बोट ठेवलं.

“हे आमचे हे. आणि ही कोण?”

त्यांचे ‘हे’ कचेरीला लागून असलेल्या कोशाच्या छापखान्यात बाइंडर होते, चार वर्षांपूर्वी गेले. दोघांना मूलबाळ नव्हतं. ताई पुरत्या गोंधळल्या. चूक झाली म्हणावं, तर नेमकी कोणाची?

त्यांनी मुख्य संपादकांना बोलावलं. कचेरीत त्यांना सगळे कोशकाका म्हणत, कारण कशाचाही अर्थ विचारला की ते दोन तरी सांगत. आजही तसंच झालं. आधी म्हणाले, कोशाच्या फोटोवाल्याने छापखान्याच्या अंगणात जो सापडला त्याला बसवलं असेल. मग चष्मा पुसून म्हणाले, पण ती बाई मुलांना घेऊन बाइंडरला भेटायला यायची असं पुसटसं आठवतंय. काकूंचा चेहरा बघून त्यांनी लगेच तेही मागे घेतलं.

फोटोवाल्याला फोन केला. म्हाताऱ्याला हा फोटो काढल्याचंच आठवेना.

काकूंनी खंड डोळ्यांजवळ धरला. नवऱ्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता. घरी इतके मोकळे हसताना त्यांना आपण कधी पाहिलं नाही, असं त्या ताईंना हळूच म्हणाल्या. हसू खरं की फोटोपुरतं, हेही कळत नाही म्हणाल्या.

नव्या आवृत्तीत फोटो बदलते, असं ताईंनी कबूल केलं आणि मूळ फोटो पाकिटात घालून काकूंच्या हाती दिला. पान एकशे बारासाठी दुसरा फोटोही शोधून ठेवला, सगळे नीट समोर बघणारे.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला.

“तो फोटो काढू नका.”

“पण काकू, ती बाई कोण ते कळलं का?”

“नाही. तरी असू द्या.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनाही विचारवलं नाही. त्यांनी खंडातला छापलेला फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवले, खूप वेळ बघितले, त्यातून काहीच उमगलं नाही. शेवटी जुन्याच फोटोचं पान छपाईला पाठवलं आणि दुसऱ्या खंडातल्या ‘कुतूहल’ या नोंदीकडे वळल्या. तिच्याखाली दोन बोटं जागा उरली होती.