रिकामी राहिलेली नळी

मित्रांनो, माझ्या पोटात दारू भरतात, तोंडात गोळी बसवतात. मी काडतुसाची पितळी नळी आहे, आता जुनी झाले.

कारखान्यात जन्मले तेव्हा आम्ही साऱ्या बहिणी एका साच्याच्या, एका मापाच्या. यंत्रानेच पोट भरलं, यंत्रानेच तोंड मिटलं. मोंटानाच्या डोंगरात आर्डिसबाईंनी मला पहिल्यांदा झाडलं आणि गवतातून परत उचललं. मग त्यांच्या पडवीत मी पुन्हा पुन्हा भरले गेले. त्या कण कण तोलून दारू घालायच्या. कारखान्याच्या गोळ्यांची भोकं निशाणाच्या कागदावर तळहाताएवढी पसरायची. बाईंची एका बिस्किटाखाली झाकायची.

धाकटा भाऊ लाइल चिडवायचा, "ताई, यंत्राला ना झोप येते, ना त्याच्याकडे पाहुणे येतात!"

"यंत्राला माझी बंदूक कुठे ठाऊक आहे?" बाई म्हणायच्या.

कित्येक वर्षांनी सोडतीत त्यांना एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणाच्या, शिकारीचा परवाना लागला. हिवाळ्याचं मांस त्यावरच होतं. त्या काडतुसं भरायला बसल्या, तोच लाइल आला. गप्पा रंगल्या, हशा पिकला, आणि दारू न घालताच बाईंनी माझ्या तोंडात गोळी बसवली. मला कळत होतं, सांगू कशी? मला झाडलं असतं तर मी नुसतीच फुसकन वाजले असते, गोळी बंदुकीच्या नळीत अडकली असती, आणि पुढच्या बाराने बंदूक बाईंच्या तोंडावर फुटली असती.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी, निघताना, बाईंना तराजूच्या पारड्यात एक माप दारू उरलेली दिसली. त्यांनी तराजू पुढे ओढला. एकेक काडतूस तोललं. मी वजनात हलकी भरले.

"सापडली ना? मग बाकीची घे आणि चल," लाइल म्हणाला.

"एक चुकली ती दिसली रे. बाकीच्यांत दारू कणभर कमी-जास्त पडली असेल, तर ती अशी तोलून दिसायची नाही. हात माझे होते, लक्ष तुझ्याकडे होतं."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"तुझं तोंड, माझे कान. दोघांचं. आण तुझा कारखान्याच्या काडतुसांचा डबा."

त्यांनी सगळी काडतुसं उकलून ठेवली. पुढचं मी पडवीत, परतलेल्या लाइलच्या तोंडून ऐकलं. एल्क दूरच्या कड्यावर उभा होता. लाइल म्हणाला, मार! बाईंनी नकारार्थी मान हलवली. ही गोळी तळहाताएवढी सरकते. इतक्या लांबून जनावर नुसतं घायाळ होईल. वारा तोंडावर घेत त्या बर्फातून सरपटत गेल्या. गुडघे सोलले. पार जवळ पोचून एकच बार केला, आणि एल्क जागीच कोसळला.

"बघ, शेवटी कारखानाच जिंकला!" लाइल हसला.

"माझ्या गुडघ्यांना विचार," बाई म्हणाल्या, आणि मांस कापायला सुरी उचलली.

मित्रांनो, आता माझी मान तडकली आहे. मोडीच्या बरणीत पडून असते. जाता जाता एवढंच मागते: आपल्या हाताच्या कामाचा अभिमान जरूर बाळगा, पण त्याची शंका आली तर ते उकलायला लाजू नका. त्या दिवशी बाई लाजल्या असत्या, तर ही गोष्ट सांगताना माझा आवाज असा शांत राहिला नसता.