श्वासासकट माप

मी एक जुनी शिंप्याची टेप आहे. मेणकापडाची, साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. त्यातली एक टोपी कधीच गळाली आणि सुरुवातीचे तीन आकडे बोटांच्या घामाने पुसून गेले. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम जर्मनीत आहे. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइम नावाचे गाव आहे, तिथल्या एका घरात खिडकीजवळच्या खिळ्यावर मी लटकते. इतक्या दूर मी कशी आले, ते ऐका.

माझी उमेदीची वर्षे देवळाली कॅम्पातल्या एका कापडदुकानात गेली. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. खाली कापडाची पेढी, वर माडीवर शिंप्यांची बैठक. थंडीच्या तोंडावर आगगाडीने पेट्या यायच्या. झाकण उघडले की फ्लॅनेल आणि ट्वीडचा तो कोरा वास माडीपर्यंत चढायचा! मग काचेमागे पाटी लागे, 'नव्या हंगामाचा माल आला'. उन्हाळ्याआधी मलमल आणि पांढरे ड्रिल येई. पलटणीतले साहेब, त्यांच्या मडमा, गावातले वकील, सगळ्यांना मी मिठी मारून आले. कुणाची छाती किती आणि कुणाचे पोट किती, हे मला ठाऊक असायचे. पण मी कधी कुणाला सांगितले नाही हो.

माझे धनी राजाभाऊ. विशीतला तरुण कारागीर, पण हात असा, की मडमाही नाव विचारत. काम करताना मी त्यांच्या गळ्यात असे आणि ते कीर्तनातली पदे गुणगुणत असत. दिवसभर ऐकून ऐकून मलाही पदे पाठ झाली.

एका रामनवमीला गावच्या मंदिरात एक वृद्ध हरदास आले. त्यांचा अंगरखा शिवायचे भाग्य राजाभाऊंना लाभले. त्यांनी बुवांना साहेबासारखे ताठ उभे केले, माप घेतले आणि नव्या मलमलीचा अंगरखा शिवला. काय सुरेख बसला! पण उत्तररंगात बुवांनी वरचा सूर धरला आणि छातीवरचे दोन्ही बंद ताडकन तुटले. राजाभाऊ मान खाली घालून बसले. बुवांनी मात्र हसत उपरणे गुंडाळले आणि सूर सोडला नाही. आरतीनंतर त्यांनी राजाभाऊंना जवळ बोलावले. "देहाचं माप अचूक घेतलंस रे. श्वासाचं तेवढं राहिलं."

त्या दिवसापासून गाणारा माणूस आला, की राजाभाऊ त्याला आधी गायला लावत आणि सूर भरात आला की मला छातीभोवती टाकत. बाकीचे शिंपी हसायचे. हसू देत.

पुढे साहेब गेले, तयार कपडे आले, दुकान थकत थकत बंद झाले. शेवटच्या हंगामातला पांढऱ्या मलमलीचा अडीच वार तुकडा राजाभाऊंनी जपून ठेवला आणि मला ट्रंकेत त्याच्यावर ठेवले. कित्येक वर्षे मी अंधारात होते. खोटे कशाला सांगू, सगळे मला विसरल्यासारखे वाटायचे.

दोन हजार सातच्या वसंतात ट्रंक उघडली. शहाऐंशी वर्षांचे राजाभाऊ नातीकडे जर्मनीला निघाले होते. नात मीनल त्यांच्याच हाताखाली शिवण शिकलेली. त्या मलमलीचा सदरा तिच्या हातून शिवून घ्यायचा, एवढीच त्यांची हौस. त्यांचे स्वतःचे हात आता थरथरत, नजरही अंधुक झाली होती.

राजाभाऊ पोचले त्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळींनी पहिल्यांदाच कीर्तन ठरवले होते. नाशिकचे मधूबुवा मीनलच्या घरी उतरले, पण त्यांची बॅग विमानतळावर आलीच नाही. मीनलचा नवरा गुरुदत्त सकाळपासून फोनवर जर्मनमध्ये 'या, या, गेनाऊ', म्हणजे 'हो, हो, बरोबर', करत होता. शेवटी त्याने फोन ठेवला. "धोतर आणि उपरणं मंडळातल्या जोशींकडे मिळेल. पण अंगरखा बॅगेत, आणि बॅग उद्याच येणार."

"शर्टावर करू," बुवा म्हणाले. "देव काही रागवायचा नाही." पण त्यांचा चेहरा उतरला होता. गुरूंनी दिलेल्या वेषाशिवाय ते कधी कीर्तनाला उभे राहिले नव्हते.

कीर्तन संध्याकाळी पाचला. त्यात वार रविवार. इथे रविवारी साधी सुई विकत मिळत नाही, मग कापड कुठून मिळणार?

राजाभाऊ उठले, बॅग उघडली आणि मलमल मीनलच्या हातात ठेवली.

"आजोबा, हा तुमचा सदरा!"

"माझ्या सदऱ्याची वाट पाहत साठ माणसं बसणार आहेत का? काप."

मीनलने आपली नवी प्लास्टिकची टेप काढली. बुवा ताठ उभे राहिले. छाती अडतीस. तिने खडूने रेघा मारल्या आणि कात्री उचलली. मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला! तेच माप, तीच चूक, आणि या खेपेला दुसरा तुकडा नव्हता.

"थांब मीनू!" राजाभाऊंनी मला खिशातून काढले. "बुवा, गजर म्हणा. खालच्या पट्टीत नको. देवळात म्हणता तसा."

"आजोबा, रविवार आहे! इथे आज आवाज करायचा नसतो. खालच्या मजल्यावरची बाई वर येईल."

"येऊ दे. तीही ऐकेल."

बुवांनी डोळे मिटले आणि विठ्ठलाच्या नावाचा सूर लावला. मी छातीभोवती होते. काय सांगू! सागाचा दरवाजा उघडावा तशी ती छाती उघडली. राजाभाऊंनी नख रोवले, पण आकडा त्यांना दिसेना. मीनलची आठ वर्षांची लेक वल्लरी पुढे झाली. तिला मराठी सगळे कळे, पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये.

"आइन-उंड-फिर्त्सिश!"

"म्हणजे?"

"एक आणि चाळीस," मीनल म्हणाली.

"एकेचाळीस! अगं, ही माणसं आपल्यासारखीच मोजतात की!" राजाभाऊ खुलले. मीनलच्या हातातली कात्री मात्र खाली आली होती. तीन इंचांचा फरक.

"कापड पुरायचं नाही, आजोबा."

"बाह्या आखूड कर. बाही आखूड झाली तर लोक हसतील, छाती आखूड झाली तर अभंग अडेल."

आवाज दबावा म्हणून मशीनखाली दुपटे घालून मीनलने अंगरखा साडेचारला संपवला. कीर्तनात बुवांनी वरचा सूर लावला तेव्हा राजाभाऊंनी खिशात मला घट्ट धरले. सूर चढला, चढतच गेला. बंद जागचे हलले नाहीत. बाह्या कोपराच्या जरा खालीच संपल्या होत्या, पण हसले कुणी नाही. कीर्तन संपल्यावर बुवा गळ्यातला हार घेऊन खाली आले आणि तो त्यांनी राजाभाऊंच्या गळ्यात घातला.

राजाभाऊ परत निघाले त्या सकाळी मीनलने त्यांच्या सदऱ्यासाठी नवे पांढरे कापड आणून ठेवले होते. वल्लरीने खुर्चीवर चढून मला त्यांच्या छातीभोवती टाकले आणि ती थांबून राहिली.

"बघ की आकडा," राजाभाऊ म्हणाले.

तिने मान हलवली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आधी गा ना, पणजोबा!"

ते गायले. आवाज कापरा होता. छाती जेमतेम एक इंच वाढली. तो एक इंच वल्लरीने वहीत वेगळा लिहून ठेवला, आणि निघताना राजाभाऊंनी मला तिच्याकडेच ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, कारण त्यांना काही गोष्टी ठाऊक असतात. आणि कधी कुणाचे माप घ्यायची वेळ आली, तर घाई करू नका. आधी त्या माणसाला गाऊ द्या.