ताडपत्रीचे चार कोपरे

उल्हासने निळ्या ताडपत्रीचा एक कोपरा बुटाखाली दाबला, तर दुसरा उडाला. त्यावर दुसरा बूट ठेवला. तिसऱ्यावर बायकोने, सुचेताने, दिलेल्या कोथिंबीरवड्यांची पिशवी, आणि चौथ्यावर, ठेवायला काही उरलं नाही म्हणून, तो स्वतः मोज्यांनिशी बसला. शनिवारी सकाळी साडेसातला इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या नदीकाठच्या पार्कात कुत्री फिरवणारे दोघं-तिघं सोडले तर कुणी नव्हतं.

कंपनी जपानी. एप्रिलमध्ये चेरी फुलली की सगळ्यांनी झाडाखाली बसून जेवायचं, ही तिकडची रीत खातेप्रमुख ओकुमुरासाहेबांनी इथेही लावली होती. सकाळी लवकर जाऊन चांगल्या झाडाखाली जागा धरायची, हे काम खात्यातल्या सगळ्यात नव्या माणसाचं. गेल्या वर्षी ते शार्दूलने केलं होतं. फेब्रुवारीत शार्दूलला काढलं, त्याच्याआधी आणखी दोघांना, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी उल्हास खात्यातला सगळ्यात नवा माणूस झाला. मंदीने माणसाला तरुण केलं, म्हणायचं.

सोमवारी पुढची यादी लागणार होती. खात्यातून आणखी एक नाव जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, पुढच्या वर्षी.

वारा सुटला की पाकळ्या ताडपत्रीवर पडत, आणि तो त्या हाताने झाडून टाकत होता. साहेब येतील तेव्हा बसायची जागा स्वच्छ हवी.

फोन वाजला. सुचेताचा होता.

"साहेब आले का?"

"सगळे बाराला येणार. आत्ता आठ वाजतायत."

"झाड नीट बघून घेतलंस ना? शार्दूलचं झाड छान होतं म्हणे."

"शार्दूलला काढलं, सुचेता."

"झाडामुळे नाही काढलं."

त्याने फोन खिशात टाकला आणि पुन्हा पाकळ्या झाडायला घेतल्या.

साडेआठच्या सुमाराला ओकुमुरासाहेब आले. एकटेच, ऑफिसचाच कोट घालून. उल्हास धडपडत उठला, त्याचा कोपरा उडाला, आणि साहेबांनी त्यावर पटकन पाय ठेवला.

"पाकळ्या झाडू नका," ते त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले. "त्या पडलेल्या बघायलाच आपण येतो."

तासभर उल्हासने नेमकं हेच बिघडवलं होतं.

"सॉरी, सर. मला माहीत नव्हतं."

"तुम्ही घरी जाऊन या. जागा मी धरतो."

"नाही, सर. हे नव्या माणसाचं काम आहे ना?"

"हो," साहेब म्हणाले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. "यादी मी काल दिली. आपल्या खात्यातून एकच नाव मागितलं होतं."

साहेबांनी आपले बूट चौथ्या कोपऱ्यावर जोडीने नीट ठेवले.

"तेव्हा पुढच्या महिन्यात मी ओसाकाला परत जाईन. तिथे कुणी काम दिलंच, तर सगळ्यात नवा मीच असेन. जागा धरून तीस वर्षं झाली. म्हटलं, जमतंय का बघावं."

ते ताडपत्रीच्या कडेला मांडी घालून बसले. गुडघा दुखला असावा, त्यांनी तो दोनदा चोळला.

फोन पुन्हा वाजला.

"आले का रे कुणी?"

"साहेब आलेत."

"आत्ताच? काही म्हणाले का?"

आपण वाचलो, हे आधी मनात आलं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

"पाकळ्या झाडू नको म्हणाले," तो म्हणाला. "दुपारी सांगतो सगळं."

आता घरी जायला हरकत नव्हती. उल्हासने पिशवी ओढली आणि डबा काढून साहेबांपुढे उघडला. पिशवीखालचा कोपरा फडफडला, तसा साहेबांनी हात लांब करून तो दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने एक वडी उचलली.